सुपारीची विक्री : एकरकमी की टप्प्याटप्प्याने?

हरिहरेश्वर - हाती असलेला सर्व माल एकाच भावाला विकून मोकळे व्हावे, की थोडा थोडा काढत बाजाराचा अंदाज घ्यावा? शेअर बाजारातील गुंतवणूकदारांना पडणारा हा प्रश्न हरिहरेश्वर-श्रीवर्धन पट्ट्यातील सुपारी बागायतदारांनाही दर हंगामात सोडवावा लागतो. 'श्रीवर्धन रोठा' म्हणून ओळखली जाणारी येथील सुपारी उन्हात सुमारे दीड महिना वाळवली की काही महिने टिकते. आंब्याप्रमाणे ती तातडीने विकण्याची सक्ती नसते.

टप्प्याटप्प्याने विकल्यास भाव हमखास अधिक मिळतो, ही समजूत मात्र खरी नाही. समजा, शंभर किलो सुपारी चार समान टप्प्यांत ४००, ४४०, ३८० आणि ४२० रुपये किलो दराने गेली, तर ४१ हजार रुपये हाती येतील. सर्व माल तेजीत विकणाऱ्याला ४४ हजार, तर मंदीत सापडलेल्याला ३८ हजारच मिळतील. टप्प्यांमुळे एकाच चुकीच्या दिवशी सर्व माल पणाला लागण्याचा धोका तेवढा घटतो. भाव सतत घसरत असतील, तर पहिल्याच दिवशी सर्व विकणारा शहाणा ठरतो.

शेअर बाजारातही हाच अनुभव येतो. लोकसभा निकालाच्या दिवशी, ४ जून २०२४ रोजी सेन्सेक्स ४,३८९ अंशांनी कोसळून ७२,०७९ वर बंद झाला. ७ जूनला तो ७६,६९३ वर होता. घाबरून सर्व शेअर विकणाऱ्यांना ही उसळी हुकली. निम्मे राखणाऱ्यांना निम्मी तरी मिळाली.

तथापि, टप्प्याने विकण्यासाठी थांबण्याची ताकद लागते. मजुरी आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या लहान बागायतदाराकडे ती नसते. शिवाय घरातील साठाही निर्धोक नाही. ३ जून २०२० रोजीच्या 'निसर्ग' चक्रीवादळात या किनाऱ्यावरील बागा आडव्या झाल्या, घरांची छपरेही उडाली. नवे झाड फळावर येण्यास पाच वर्षांहून अधिक काळ लागतो.

या दृष्टीने राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना महत्त्वाची आहे. १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत राबविल्या जाणाऱ्या या योजनेत सुपारीचाही समावेश आहे. गोदामात ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या कमाल ७५ टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याजाने कर्ज मिळते. त्यामुळे निकडीपोटी सर्व माल पडत्या भावाने विकण्याची वेळ टळू शकते.

मात्र हे कर्जच आहे. विक्रीचे टप्पे या मुदतीत बसणारे आणि आधीच ठरलेले हवेत. भाव पडल्यावर 'आणखी थोडे थांबू' म्हणत राहणे, याला नियोजन म्हणता येत नाही.