साच्याने किती दाबावे?

डाय म्हटली की आपल्याकडच्या कारखान्यातल्या माणसाला पत्रा आठवतो. सपाट पत्र्याची वाटी करायची, वाटीचा डबा करायचा. साच्याने हुकूम सोडायचा आणि मालाने निमूट ऐकायचे. टूलरूममध्ये उभी हयात गेलेल्या माझ्यासारख्याला म्हणूनच अमेरिकेतल्या रायफलबाजांचा एक जुना वाद फार मोलाचा वाटतो. तिकडे कितीतरी हौशी मंडळी वापरलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात आणि त्यासाठी कोणती डाय घ्यावी यावर हिरिरीने भांडतात. माझे मत विचाराल, तर पुंगळीला जी कमीत कमी छळते ती डाय घ्यावी.

बार उडतो तेव्हा दारूच्या दाबाने पुंगळी फुगते आणि रायफलीच्या चेंबरला चिकटते. दाब ओसरला की पितळ किंचित आकसते, पण मूळ मापावर येत नाही. म्हणजे बाहेर पडलेली पुंगळी हा त्या एकाच रायफलीच्या पोटाचा ठसा असतो. नवी गोळी घट्ट धरता यावी म्हणून तिची मान डायमध्ये आवळावी लागते. प्रश्न एवढाच, की हा ठसा किती पुसायचा?

जुन्या जाणत्यांचे उत्तर होते, मान तेवढी आवळा, बाकी अंगाला हात लावू नका. ऐकायला हे पटते. पण दरखेपेस थोडी थोडी फुगत पुंगळी चेंबरमध्ये अडकू लागते, बोल्ट बसवायला जोर लागतो, आणि जोर लागला की रायफल हलली. म्हणून आज पुष्कळ कसलेले नेमबाज पूर्ण लांबीची डायच वापरतात. मात्र पुंगळीचा खांदा एखाद-दुसरा थाऊच मागे सरकेल अशी ती लावतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. हा एक थाऊ दुकानातून विकत मिळत नाही. डाय प्रेसमध्ये किती आटे उतरवायची, हे मोजून ठरवणाऱ्या माणसाच्या हातात तो असतो.

खरी गोम मानेत आहे. साधी डाय मान गरजेपेक्षा जास्त आवळते आणि मग आतून एक गोळा ओढून ती पुन्हा रुंदावते. आधी दाबा, मग ताणा! पितळ अशाने कडक होत जाते आणि गोळा ओढताना मान वाकडी होण्याची भीती असते. यावर उपाय म्हणून बदलत्या बुशिंगची महाग डाय निघाली. हव्या त्या मापाचे बुशिंग घालावे आणि हवे तेवढेच आवळावे. कल्पना झकास आहे. पण बुशिंग बाहेरून दाबते. मानेची जाडी एका बाजूला जास्त असेल तर ती खोट आतल्या भोकात उतरते. अमेरिकेतल्या माझ्या पुतण्याने विचारले तेव्हा मी त्याला साधी पूर्ण लांबीची डाय घ्यायला सांगितले, आणि उरलेल्या पैशांत चांगली पुंगळी आणि एक डायल गेज. दुकानदार हा सल्ला देणार नाही.

(जाता जाता : अशा डाय बनवणाऱ्या आरसीबीएस या प्रसिद्ध कंपनीच्या नावात 'रॉकचक' लपला आहे. हा खारीच्या कुळातला तिकडचा एक डोंगरी प्राणी. १९४३ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टन यांनी त्याच्या शिकारीच्या गोळ्या घडवणारा साचा केला, तेथून ही सुरुवात.)

आपल्याकडे हा छंद नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो. शिवाय ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल प्रकारात वापरतात ते 'पॉइंट टू-टू' काडतूस पुन्हा भरण्यासारखे नसतेच. ठिणगीचा मसाला पुंगळीच्या कडेत असतो आणि घोड्याची पिन ती कडच चेपते. पण पेच मात्र तोच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला याच रायफलीच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. अंतिम फेरीत तिथे गुणाच्या दहाव्या भागालाही किंमत असते. म्हणून या स्तरावरचे नेमबाज काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्याच रायफलीतून उडवून पाहतात. खोका तोच, किंमत तीच. तरी एका लॉटची भोके एकमेकांत मिसळतात आणि दुसऱ्याची फाकतात. शेजारच्या नेमबाजाच्या रायफलीत नेमके उलटेही होते. जमलेला लॉट सापडला, की तो संपण्याआधी परवडेल तेवढा घेऊन ठेवायचा.