जुनी सायकल घ्यावी की नवी? एका निवृत्त बँकवाल्याचं मत



इथे एरवी आपण दांडिया बाजारातल्या वाड्यांच्या, शाळेतल्या मास्तरांच्या, गणपतीतल्या कार्यक्रमांच्या आठवणी लिहितो. आज मी सायकलीवर लिहिणार आहे, आणि तेही हिशोबासकट. पस्तीस वर्षं बँकेत काढली, त्याआधी बडोद्याच्याच कॉमर्स फॅकल्टीतून बी.कॉम. केलं. खोड जात नाही.

कारण असं की गेल्या दोन महिन्यांत ओळखीतल्या चार घरांतून मला एकच प्रश्न आला. दोघांना स्वतःसाठी रोड बाईक हवी होती, दोघांना कॉलेजातल्या मुलांसाठी. रोड बाईक म्हणजे ती बारीक टायरची, मेंढ्याच्या शिंगासारख्या वळलेल्या हँडलची, दहा-अकरा किलो वजनाची सायकल. नवी बरी घ्यायची म्हटली तर पन्नास-साठ हजारांच्या खाली येत नाही, आणि वर तर मर्यादाच नाही. मग प्रश्न पडतो, जुनी घ्यावी की नवी?

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिली रोड बाईक जुनीच घ्यावी. पण ओळखीवर घेऊ नये, मापावर आणि तपासून घ्यावी. हे मला दोनदा शिकावं लागलं. मधे जवळजवळ ५८ वर्षं गेली.

पहिला प्रसंग १९६७ चा. मी पंधरा वर्षांचा. वडील सरकारी कचेरीत कारकून. घरात पाच भावंडं. पुस्तकं अर्ध्या किमतीत घेतलेली, शर्ट थोरल्या भावाचे, तेव्हा सायकल नवी मिळेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. वडिलांच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याने आपली हर्क्युलिस विकायला काढली. ८५ रुपये. काळा रंग अगदी ताजा, चकचकीत. मी म्हटलं, एकदा मिस्त्रीला दाखवू या. वडील म्हणाले, "अरे, आपल्यातलेच आहेत ते. त्यांना काय विचारायचं?"

चार महिन्यांनी लहेरीपुरा दरवाज्याजवळ पुढचा चिमटा मोडला आणि मी तोंडावर पडलो. चिमटा आधी कधीतरी तुटलेला होता. गॅसने जोडून, कानस मारून, वरून रंग दिलेला. समोरचा दात अर्धा गेला, हनुवटीवरची खूण अजून आहे. दाढी करताना रोज भेटते. वडील त्या सहकाऱ्याला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही त्यांच्याबरोबर चहा प्यायले. मला दातापेक्षा त्याचं वाईट जास्त वाटलं होतं. आता वाटतं, बोलणार तरी काय? तपासायची वेळ निघून गेली होती.

पुढे बँकेत हीच गोष्ट वेगळ्या रूपात पाहिली. ओळखीच्या माणसाच्या कर्जाची फाईल सुरुवातीला सगळ्यात पातळ असायची आणि पुढे तीच सगळ्यात जाड व्हायची. "साहेब, घरचेच आहेत" म्हटलं की गोदामात जाऊन माल मोजायचा राहून जायचा.

आता दुसरा प्रसंग, गेल्या वर्षीचा. माझा एक मित्र, शाळेपासूनचा. आम्ही दोघं रविवारी पहाटे सिंधरोटकडे जायचो. मी माझ्या साध्या गिअरच्या सायकलवर मागे, तो त्याच्या रोड बाईकवर पुढे. कोविडच्या वर्षी, २०२० मध्ये, त्याने ती घेतली होती, ८४,००० रुपयांना. येताना शेव-उसळ ठरलेली. गेल्या पावसाळ्यात त्याला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. सहा महिन्यांनी वहिनींचा फोन आला, "भाऊजी, सायकल तुम्हीच न्या. पैसे नकोत. डोळ्यांसमोर राहिली की हे दिवसभर तिच्याकडे बघत बसतात."

मंडळी, अशा वेळी माणूस काय म्हणणार? मी सायकल घेऊन आलो. पैशाचं नंतर बोलू म्हटलं. आणि वडिलांचीच चूक केली. काही तपासलं नाही, काही मोजलं नाही. मित्राची सायकल, तिला काय विचारायचं?

मित्र सहा फूट उंच. मी पाच फूट पाच इंच. त्याची फ्रेम ५८ ची, मला लागते ५२ ची. सीट खाली घेतली, पण हँडल लांबच राहिलं. सीट वरखाली होते, फ्रेमची लांबी कमी होत नाही. पुढचा स्टेम आखूड लावून एखाद-दोन सेंटिमीटर मिळतात, त्यापेक्षा जास्त खेचलं तर सायकल वळताना बावचळते. वीस किलोमीटरनंतर हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, मानेतून कळ. तरी मी महिनाभर रेटलं. मैत्री म्हणून. मग एका सकाळी पादरा रोडवर रस्त्यात गाय आडवी आली, बोटं बधिर असल्यामुळे ब्रेक वेळेवर दाबला गेला नाही, आणि मी कडेच्या मातीत गेलो. गुडघा सोलला, तेवढ्यावर निभावलं. बहात्तराव्या वर्षी तेवढ्यावर निभावतं असं दरवेळी होत नाही.

ज्या मेकॅनिककडे नेली तो पंचविशीतला पोरगा. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सायकलीकडे. म्हणाला, "काका, सायकल सारी छे, पण तमारा मापनी नथी." त्याला हे कळायला दहा सेकंद लागले. मला महिना लागला, कारण मी सायकल बघतच नव्हतो, मित्राला बघत होतो.

आता मुलाचं म्हणणं. मुलगा पुण्यात असतो. त्याला पडल्याचं कळलं तसा म्हणाला, "बाबा, नवीन घ्या, पैसे मी पाठवतो. या वयात जुन्याची रिस्क नको." त्याचं म्हणणं टाकाऊ नाही. चांगल्या दुकानात माप घेऊन सायकल देतात, पहिल्या सर्व्हिस फुकट असतात, आणि बहुतेक कंपन्यांची फ्रेमची वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच असते. सायकल हस्तांतरित झाली की वॉरंटी संपली. (आमची स्वतःची वॉरंटी कधीच संपली, हा भाग वेगळा.)

तरीही मी जुनीच घेतली, आणि त्याची कारणं सांगतो.

पहिलं कारण घसारा. वाणिज्य शाखेत आपण दोन पद्धती शिकलो होतो, एक सरळ रेषेची आणि एक घटत्या शिल्लक रकमेवरची. सायकलीला दुसरी लागू पडते. माझा ठोकताळा असा, की पहिल्या वर्षी किमतीचे ३० टक्के जातात आणि पुढे दरवर्षी उरलेल्या किमतीचे १५ टक्के. पहिल्या वर्षाचे ३० टक्के दुसऱ्याने सोसलेले असतील तर आपण का सोसावेत? विशेषतः ही सायकल आपल्याला झेपेल की नाही, सहा महिन्यांनी गॅलरीत तिच्यावर टॉवेल वाळत पडतील की नाही, हेच माहीत नसताना.

दुसरं कारण आपल्या गावाचं. बडोद्यात जुन्या सायकली मिळतात, कारण पोरं कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला जातात. व्हिसा आला की महिनाभरात सगळं विकायचं असतं. शिवाय कोविडात उत्साहाने घेतलेल्या कितीतरी सायकली पार्किंगमध्ये धूळ खात आहेत. वाईट वाटतं, पण घेणाऱ्याच्या दृष्टीने माल चांगला असतो.

एक गोष्ट मात्र विक्रेते विसरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे मित्राची ८४,००० ची सायकल घ्या. मूळ किंमत ७५,०००, त्यावर १२ टक्के. तीच आज ५ टक्क्यांनी ७८,७५० ला पडेल. तेव्हा घसारा जुन्या बिलावर काढायचा नाही, आजच्या भावावर काढायचा. पाच वर्षांचा घसारा काढला की साधारण २९,००० उरतात. त्यातून टायर, चेन, गिअरची चक्रं, केबल यांचा खर्च वजा करायचा. मेकॅनिकने साडेसहा हजार लिहून दिला. म्हणजे रास्त किंमत २२,००० च्या आसपास. विकणारा पन्नास सांगत असेल तर वाद घालू नका, नमस्कार करून निघा.

आता तपासणी. बँकेत तारण मालाची करायचो तशीच करायची, रंग बघून नाही.

सगळ्यात आधी माप. मापात बसत नसेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. मग मूळ बिल बघा आणि पेडलच्या आसाखाली फ्रेमवर कोरलेला नंबर त्याच्याशी ताडून पाहा. बिल नसेल तर ती चोरीचीही असू शकते. मग पुढचं चाक काढून चिमटा बघा. मी तर तो पूर्ण बाहेर काढायला लावला, माझा दात त्याला साक्षी आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर जोडांपाशी केसाएवढी चीर आहे का, तेही बघा. कार्बनची फ्रेम असेल आणि ती पडलेली आहे की नाही हे खात्रीने कळत नसेल तर जुनी घेऊच नका. कार्बनला आतून मार लागलेला वरून दिसत नाही. चेनचे बारा जोड म्हणजे बरोबर बारा इंच. पट्टी लावून मोजा. एक-अष्टमांश इंच जास्त भरलं तर चेन गेलीच आहे, आणि बहुधा मागची चक्रंही. टायरच्या बाजूंना भेगा आहेत का बघा, न वापरलेला टायरही वयाने जातो. आणि फ्रेममध्ये किमान २८ मिलिमीटरचा टायर बसतो का, हे विचारा. पावसाळ्यानंतरचे आपले रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत.

हे सगळं स्वतःला जमत नसेल तर मेकॅनिकला तीन-चारशे रुपये देऊन बरोबर न्या. विकणारा तपासू देत नसेल तर उत्तर मिळालंच.

नवी कधी घ्यावी? तुमच्या मापाची जुनी दोन-तीन महिने शोधूनही मिळत नसेल तर. फार उंच किंवा फार ठेंगण्या माणसांचं असं होतं, आणि आपल्या बायकांच्या मापाच्या सायकली जुन्या बाजारात क्वचितच येतात. तिथे नवी घेणं हा चोचला नव्हे. किंवा वर्षभर जुनी चालवून झाली, दर आठवड्याला बाहेर पडता, आणि आपल्याला नक्की काय हवं ते कळलं, तर खुशाल नवी घ्या. वाढत्या मुलाला मात्र महागडी नवी घेऊन देऊ नका. दोन वर्षांत मूल वाढतं, सायकल वाढत नाही.

आणि एक नाजूक गोष्ट. आपल्या स्थायिक मराठी घरांत हल्ली वापरलेली वस्तू घेतली हे सांगायला लोक लाजतात. "सेकंड हँड घेतली" म्हणताना आवाज खाली जातो. अहो, आपण सगळे अर्ध्या किमतीच्या पुस्तकांवर शिकलो. लाज जुनी घेण्याची नको, न बघता घेण्याची असावी.

मी घेतली ती ५२ मापाची, अ‍ॅल्युमिनियमची, कॅनडाला निघालेल्या एका मुलाकडून, २६,००० ला. पावती लिहून घेतली, तारीख, फ्रेम नंबर, दोघांच्या सह्या. त्याला हसू आलं. म्हटलं, हस बाबा. बोटांना मुंग्या येत नाहीत. डॉक्टरांनी तपासण्या करून परवानगी दिली आहे. मुलगाही गप्प आहे.

मित्राची सायकल परत नेऊन दिली. वहिनींना हे सांगणं जड गेलं. त्यांना वाटलं, मी उपकार नाकारतोय. मी सगळा हिशोब कागदावर मांडून दाखवला आणि गिऱ्हाईक शोधायची जबाबदारी घेतली. कॉमर्सलाच शिकणारा एक सहा फुटी मुलगा मिळाला. त्याला मी स्वतः सांगितलं, मेकॅनिक घेऊन ये, सगळं खोलून बघ. त्याने बघितलं, २२,००० दिले. वहिनींनी पाकीट देवापुढे ठेवलं.

तो मुलगा सायकल न्यायला आला तेव्हा मित्र ओट्यावर खुर्चीत बसला होता. त्याने डाव्या हाताने खूण करून सायकल जवळ आणायला लावली. अंगठ्याने पुढचा टायर दाबून पाहिला. मग बऱ्याच प्रयत्नांनी म्हणाला, "हवा कमी आहे."

मुलाने तिथेच पंप काढून हवा भरली. मित्राने पुन्हा दाबून पाहिलं आणि मान हलवली. मग सायकल गेली.