सुई टोचणारच? का म्हणून?

"शिवायचं म्हटल्यावर सुई टोचायचीच, डॉक्टर."

हे वाक्य माझ्या दवाखान्यात मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता मला त्याचा राग येतो. गवंड्याच्या डोक्यावर वीट पडली तर आपण हेल्मेट का नव्हतं असं विचारतो. वेल्डरच्या डोळ्यात ठिणगी गेली तर चष्मा कुठे होता असं विचारतो. मग रोज चार-पाच तास हाताने शिवणाऱ्या बाईच्या बोटात सुई गेली की ते नशीब कसं काय होतं?

मला राग येतो त्यात माझ्यावरचाही राग आहे. पन्नाशीच्या एक बाई माझ्याकडे सहा वर्षं मधुमेहासाठी येत होत्या. एके दिवशी डाव्या हाताची तर्जनी दाखवायला आल्या. बोटाचं टोक सुजून लालभडक, टणक झालेलं. गोधडी शिवताना सुई टोचली होती, त्याला चार दिवस झाले होते. पहिल्या दिवशी हळद लावली. दुसऱ्या दिवशी नखुरडं म्हणून बोटात लिंबू खोचून ठेवलं. तिसऱ्या दिवशी मेडिकलवाल्याने दोन गोळ्या दिल्या. दोन रात्री झोप नाही. रक्तातली साखर तीनशेच्या वर. मी त्यांना लगेच सर्जनकडे पाठवलं, पू काढला, पण जंतुसंसर्ग तोवर हाडापर्यंत पोचला होता. ते बोट आज थोडं आखूड आहे आणि त्याच्या टोकाला नीट संवेदना नाही.

त्यांचा जुना केसपेपर काढला. व्यवसाय या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'गृहिणी'. त्या बाई ऑर्डर घेऊन गोधड्या शिवतात, हे मला सहा वर्षांत माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टरने 1700 साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात डॉक्टरांना बजावलं, की रुग्णाला इतर प्रश्नांबरोबर 'तू काम काय करतोस?' हेही विचारा. तीनशे वर्षं झाली. आम्ही पुरुषांना विचारतो. बायकांच्या बाबतीत रकाना न विचारताच भरतो.

आता बोटाच्या टोकाचं बघा. तिथला मांसल भाग बाहेरून मऊ लागतो, पण आत त्वचेपासून हाडापर्यंत गेलेल्या चिवट पडद्यांनी त्याचे छोटे छोटे कप्पे झालेले असतात. सुईचं भोक बारीक आणि खोल. वरून ते पटकन मिटतं, जंतू आत राहतात. पू झाला तर त्याला पसरायला जागा नसते. दाब वाढतो, रक्तवाहिन्या दबतात आणि हाडाच्या टोकाचा रक्तपुरवठा कमी होतो. म्हणूनच ते बोट ठणकतं आणि हात खाली सोडला की जास्त ठणकतं. अशा बोटावर हळद, चुना, टूथपेस्ट किंवा लिंबू लावून आतला पू बाहेर येत नाही. पू झाल्यावर नुसत्या गोळ्यांनीही भागत नाही. छोटा छेद द्यावाच लागतो. ठणका एक रात्र झोपू देत नसेल, तर दुसरी रात्र वाट बघायची नाही.

मधुमेह असेल तर दुहेरी अडचण. जखम चिघळते, आणि मधुमेह जुना असेल तर बधिरपणा तळपायांबरोबर हातांतही आलेला असू शकतो. मग सुई टोचली हेच नीट कळत नाही. "मला तर काही दुखत नाही" ही अशा वेळी चांगली बातमी नसते.

आता या सगळ्यावरचा उपाय ऐकून तुम्ही हसाल. अंगुस्तान. बोटात घालायची ती खड्ड्याखड्ड्यांची धातूची टोपी. दोन वडापावच्या पैशांत मिळते. शिंप्याच्या दुकानात हाताने काजं करणाऱ्या कारागिराच्या मधल्या बोटात बघा, असते. त्याला कोणी नाजूक म्हणत नाही. घरी शिवणाऱ्या बाईने घातली की मात्र "आमच्या आजीने असलं काही घातलं नाही" सुरू होतं. आजीची बोटं रात्री किती ठणकली, हे तुम्ही तिला कधी विचारलं होतंत का?

टोपी घालून हात चालत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. पण ती बहुतेक वेळा मापाची असते. सैल टोपी निसटते, घट्ट टोपीने बोट सुन्न होतं. हात खाली केल्यावर पडणार नाही आणि काढताना ओढावी लागणार नाही, ते माप योग्य. ज्या हाताने शिवता त्याच्या मधल्या बोटात घाला आणि सुईचं नेढं टोपीच्या बाजूने ढकला. पहिले काही दिवस चिडचिड होईल, मग टोपीशिवाय शिववणार नाही. गोधडीच्या खाली धरलेल्या हाताचं काय? सुईचं टोक लागलं की नाही हे चाचपायला आपण तिथलं बोट पुढे करतो, आणि तेच सोलून निघतं. त्या बोटाला मऊ चामड्याचा तुकडा किंवा मेडिकलमध्ये मिळणारी कागदी चिकटपट्टी दोन-तीन वेढे गुंडाळा. जाड थरातून सुई निघत नसेल तर दातांनी ओढू नका. रबराचा तुकडा नाहीतर छोटी पक्कड वापरा. बोथट, वाकडी सुई फेकून द्या. तिला जास्त जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते. चाळिशीचा चष्मा लागला असेल तर तो लावूनच शिवायला बसा.

फॉल लावायला, मणी टाकायला नगावर काम देणारे दुकानदार दोरा मोजून देतात. त्यांच्याकडे चांगल्या सुया आणि अंगुस्तानही मागा. ते कामाचं हत्यार आहे, उपकार नाही.

तरीही टोचलीच तर बोट तोंडात घालू नका. तोंडात जंतू भरपूर असतात. थोडं रक्त वाहू द्या, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, कोरडं करून पट्टी लावा. सुई मोडून तुकडा आत राहिल्याची शंका आली तर घरी उकरू नका, चोळू नका. उरलेला तुकडा घेऊन या, आतला एक्स-रेमध्ये दिसतो. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल दोन गैरसमज आहेत. सुई गंजलेली नव्हती म्हणून धोका नाही, हा पहिला. धनुर्वात गंजाने होत नाही, माती-शेणातल्या जंतूने होतो. इंजेक्शन घेतलं की बोट पिकणार नाही, हा दुसरा. ते फक्त धनुर्वातासाठी असतं. लहानपणीचे डोस पूर्ण असतील तर दर दहा वर्षांनी एक बूस्टर पुरतो, प्रत्येक टोचणीला नवं इंजेक्शन लागत नाही. शेवटचा कधी घेतला ते आठवत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा.

पूर्ण बोट सुजून वाकडं राहिलं, सरळ करताना कळ आली, हातावर लाल रेघ चढली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. घरात पाहुणे आहेत, ऑर्डर द्यायची आहे, ही कारणं नकोत.

आणि दवाखान्यात गेल्यावर व्यवसाय विचारला नाही, तरी स्वतःहून सांगा. माझ्यासमोर बसला असाल आणि मी न विचारता 'गृहिणी' लिहायला लागलो, तर मला थांबवा. त्या बाईंनी मागच्या महिन्यात तेच केलं. केसपेपरवर बोट ठेवून म्हणाल्या, "डॉक्टर, ते खोडा. गोधड्या शिवते, असं लिहा."