पुगाची ऊब आणि पांगचे ऊन

नवीकरणीय ऊर्जेचा विषय निघाला की सौर आणि भूऔष्णिक या दोन स्रोतांची तुलना बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते : एक युनिट वीज कितीला पडते? या कसोटीवर भारतात सौरऊर्जा सहज जिंकते. पण ही कसोटी अपुरी आहे. ती किती अपुरी आहे, हे लडाखमध्ये दिसते. कारण तिथे दोन्ही स्रोत एकाच पठारावर आहेत.

आधी सूर्याची बाजू. भारतात जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर, रात्र जमेस धरूनही, सरासरी सुमारे २०० वॅट सौरऊर्जा पडते. पृथ्वीच्या पोटातून वर येणारी उष्णता तेवढ्याच जागेत सरासरी ०.१ वॅटहूनही कमी असते. हा दोन हजार पटींहून मोठा फरक निसर्गाचाच आहे. देशाची स्थापित सौरक्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॅटच्या पुढे गेली. उलट, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार देशाची एकूण भूऔष्णिक क्षमताच सुमारे १०.६ गिगावॅट आहे. देशाची विजेची भूक मुख्यतः सूर्यच भागवणार, यात शंका नाही.

प्रश्न उरतो तो वेळेचा. सौर संच वर्षभराच्या सरासरीने आपल्या क्षमतेच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी वीज देतो. उत्तम चालणारा भूऔष्णिक संच ८० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे भूऔष्णिक १ मेगावॅट हे सौर ४ मेगावॅटच्या तोडीचे, आणि तेही रात्रंदिवस. लडाखमध्ये पांग येथून हरियाणातील कैथलपर्यंत जाणाऱ्या वीजवाहिनीला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. तिच्याशी जोडलेला प्रकल्प १३ गिगावॅटचा, तर बॅटरी १२ गिगावॅट-तासांची. पूर्ण क्षमतेने होणारी एका तासाची वीजही त्या बॅटरीत मावणार नाही.

त्याच लडाखमधील पुगा खोऱ्यात उकळत्या पाण्याचे झरे आहेत. अशा मध्यम तापमानाच्या स्रोतातील उष्णतेपैकी जेमतेम दहाव्या भागाची वीज होते, असा आक्षेप घेतला जातो. उष्मागतिकीच्या नियमांनुसार तो बरोबरही आहे. पण जिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांच्याही खाली जातो, तिथे उरलेली उष्णता वाया गेली असे कसे म्हणावे? घरे, शाळा आणि हरितगृहे उबदार ठेवायला तीच तर हवी. वीज तारेतून शेकडो किलोमीटर जाते. उष्णता फार दूर नेता येत नाही. म्हणून पुगाच्या उष्णतेवर पहिला हक्क चांगथांगच्या रहिवाशांचा ठरतो.

तरीही काम रेंगाळले. पुगात १९७०च्या दशकात विंधनविहिरी खोदल्या गेल्या. १ मेगावॅटच्या पथदर्शी प्रकल्पाचा करार झाला तो फेब्रुवारी २०२१ मध्ये. यामागचे मोठे कारण जोखमीचे आहे. ऊन किती पडते हे पॅनेल बसवण्याआधीच कळते. जमिनीखाली किती उष्णता आहे हे मात्र खोल विहिरीवर कोट्यवधी रुपये खर्चल्यावरच कळते. ही जोखीम खासगी गुंतवणूकदार सहसा पत्करत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय भूऔष्णिक धोरण जाहीर केले. त्याचे यश मेगावॅटच्या उद्दिष्टांवर मोजण्यापेक्षा शासन किती शोध-विहिरी स्वखर्चाने खोदते आणि त्यांची माहिती संशोधकांना किती खुली करते, यावर मोजावे.

सावधगिरीही तितकीच हवी. ऑगस्ट २०२२ मध्ये पुगात विंधनकाम सुरू असताना भूगर्भातील द्रव बाहेर उसळून नाल्यात मिसळला. त्या पाण्यावर कुरणे आणि पाणथळ जागा जगतात. वापरलेले पाणी पुन्हा भूगर्भात सोडण्याची खात्रीशीर व्यवस्था नसेल, तर 'हरित' हा शब्द वापरण्याचा अधिकार उरत नाही.

सूर्याच्या मापाने पृथ्वीची उष्णता मोजली तर ती नगण्यच दिसेल. मोजायचे ते हे, की पुगाच्या परिसरातील एखाद्या घरात जानेवारीच्या मध्यरात्री डिझेल न जाळता ऊब मिळते का.