कामावर आलेला विद्यार्थी ही अमानत आहे

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या पेढ्यांवर आणि कारखान्यांत हल्ली कॉलेजचे पत्र घेऊन मुले-मुली येऊ लागली आहेत. विनंती एकच असते : शेठजी, काही दिवस काम शिकू द्या. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमातच प्रत्यक्ष कामाला श्रेयांक मिळू लागले. चार श्रेयांकांचे काम धरले तर सुमारे १२० तास होतात. म्हणजे रोज सहा तास, वीस दिवस. हे वीस दिवस आता आपल्या हातात आहेत, आणि त्यांचे आपण काय करतो हा प्रश्न आम्हांला व्यापारी बांधवांपुढे ठेवायचा आहे.

बाजारात तीन तऱ्हा दिसतात. काही जण विद्यार्थ्याला फुकटचा नोकर समजतात. चहा आणवतात, गाठी मोजायला लावतात, बँकेत पाठवतात. काही जण त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवतात. तिसरे स्वतःला फार दिलदार समजतात. "येऊ नकोस बेटा, शेवटी ये, शिक्का मारून देतो," असे म्हणतात. आमच्या मते या तिसऱ्याने केलेले नुकसान सर्वांत मोठे आहे. मूल वीस दिवस आले, काम शिकले, असे लिहून त्याखाली सही करणे ही गवाही आहे. जे घडलेच नाही त्याची गवाही देणे आपल्या दीनमध्ये किती मोठा गुनाह आहे हे सांगायला नको. शिवाय असा कागद घेऊन उद्या तो नोकरीसाठी गेला आणि साधा ताणा-बाणा ओळखता आला नाही, तर बट्टा त्याच्या एकट्याच्या नावाला लागत नाही. पुढच्या वेळी आपल्या वस्तीतून गेलेल्या दुसऱ्या मुलाच्या कागदाकडेही कोणी पाहत नाही.

ही पद्धत काही काल-परवाची नाही. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये २७ विद्यार्थ्यांना घेऊन वर्ग आणि कारखाना यांची जोड घातली. आपल्याकडे पिलानीच्या बिट्स संस्थेने १९७३ मध्ये विद्यार्थ्यांना उद्योगांत पाठवण्याचा रिवाज सुरू केला. विचार साधा होता : काही गोष्टी फळ्यावर शिकवता येत नाहीत, त्या कामावरच शिकाव्या लागतात. पण याचा दुसरा अर्थ असा की निम्मी शाळा आता मालकाच्या घरी आली. उस्ताद आणि शागीर्द हे नाते ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या जपले, त्याला ही गोष्ट परकी वाटू नये.

मग मालकाने करायचे काय? पहिली गोष्ट, सर्व काही आधी ठरवावे. कुरआन शरीफच्या सूरह कससमध्ये हजरत मूसा (अ.) यांना मदयनमध्ये कामावर ठेवल्याचा प्रसंग आहे. तिथे त्या बुजुर्गांनी मुदत आधीच सांगितली : आठ वर्षे बंधनाची, दहा पुरी केली तर ती मर्जीची. तकलीफ देण्याचा इरादा नाही हेही सांगितले, आणि करारावर अल्लाहला साक्षी ठेवले गेले. आपणही कामाची मुदत, वेळ, सुट्टी आणि पैसे एका कागदावर लिहून द्यावेत. परीक्षेचे दिवस सोडावेत. जुम्याच्या नमाजची आणि रमजानमध्ये लवकर जाण्याची मोकळीक असावी. विद्यार्थी दुसऱ्या धर्माचा असेल तर त्याच्या सणालाही तेवढाच मान द्यावा.

दुसरी गोष्ट, शिकवणारा माणूस नेमावा. शेठ दिवसभर फोनवर आणि मुलगा कोपऱ्यात बसलेला, हे शिक्षण नव्हे. पहिल्या आठवड्यात ग्रे कापडाची तपासणी, सुताचा काउंट, रीड आणि पीक ओळखणे. दुसऱ्यात सायझिंगपासून बीम आणि बीमपासून थानापर्यंत माल कसा जातो ते पाहणे. तिसऱ्यात चलन, बिल, जीएसटीचे विवरणपत्र आणि उधारीची वही. शेवटच्या दिवसांत एखादे छोटे काम त्याच्यावर सोपवावे आणि चुकले तर समजावून सांगावे. एवढा कार्यक्रम कुठल्याही पेढीला जमण्यासारखा आहे.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. पॉवरलूमवर धोटा उडाला तर डोळा जाऊ शकतो. पट्ट्यात ओढणी किंवा बाही अडकली तर जिवावर बेतते. ज्याने आयुष्यात माग पाहिला नाही त्याला पहिल्या दिवशी या गोष्टी दाखवल्याशिवाय मागांच्या गल्लीत सोडू नये. चालू मशीन साफ करायला तर कधीच सांगू नये. मुली येत असतील तर स्वच्छ स्वच्छतागृह हवे आणि अंधार पडण्यापूर्वी घरी जाण्याची सोय हवी. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थी मुलीही येतात, त्यांना पगार असो वा नसो, आणि दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी तक्रार समिती बंधनकारक आहे. आई-बाप मुलीला आपल्या भरवशावर पाठवतात. तो भरवसा कागदावरही दिसायला हवा.

चौथी गोष्ट पैशाची. कॉलेजचे पत्र घेऊन आलेला विद्यार्थी वेगळा आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली करार केलेला उमेदवार वेगळा. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला असे उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार माणसांपासून पुढे ते मर्जीवर आहे. त्यांना दरमहा विद्यावेतन द्यावेच लागते. २०१९ च्या नियमांत पदवीधरासाठी ते किमान ९,००० रुपये ठरले होते. करार करताना चालू दर पाहून घ्यावा. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. कॉलेजच्या विद्यार्थ्याला कायद्याने काही द्यावे लागत नसेल, तरी येण्याजाण्याचे भाडे आणि दुपारचे जेवण देणे कोणत्या शेठला जड जाईल? आणि त्याच्या हातून विकण्याजोगे काम होत असेल, तर मेहनतान्यात दिरंगाई करू नये ही आपल्या पैगंबरांची (स.) ताकीद त्यालाही लागू आहे.

यावर काही बांधव म्हणतील, धंदा मंदा आहे, वीजबिल भरताना नाकी नऊ येतात, त्यात ही शाळा कुठे चालवायची? आणि शिकून तो समोरच्या पेढीवर गेला तर? ही अडचण खोटी नाही. ज्याच्याकडे चारच माग आहेत आणि तो स्वतःच माग चालवतो, त्याने नम्रपणे नाही म्हणावे. त्यात काही कमीपणा नाही. पण ज्याला जमते त्याने एक तरी विद्यार्थी घ्यावा आणि नीट घ्यावा. गिऱ्हाइकांचे भाव आणि उधारीची नावे बाहेर सांगायची नाहीत, हे त्याला पहिल्याच दिवशी बजावता येते. राहिला जाण्याचा प्रश्न. आपले जुने कारागीरही कुणाच्या तरी हाताखाली शिकूनच आपल्याकडे आले होते. त्यांना शिकवणाऱ्याने तेव्हा हिशेब केला असता तर आपले माग कोणी चालवले असते?

आपल्या समाजातली मुले शिकतात आणि पुढे त्यांना दार उघडत नाही, अशी तक्रार आपण प्रत्येक जलशात ऐकतो. काही दारे सरकारच्या हातात आहेत, काही मोठ्या कंपन्यांच्या. पण पेढीचे दार आपल्या हातात आहे. ते उघडावे, वीस दिवस इमानदारीने शिकवावे, आणि प्रमाणपत्रावर जेवढे घडले तेवढेच लिहावे. अशा सहीची बाजारात किंमत राहील, आणि बरकत देणारा अल्लाह आहे.