पर्यावरणपूरक लग्न कमी खर्चात होते का? उत्तर पाहुण्यांच्या यादीत

‘पर्यावरणपूरक लग्न’ म्हटले की बियांच्या पत्रिका, बांबूचा मांडव असे महागडे पॅकेज पुढे केले जाते. प्रत्यक्षात लग्नाचा खर्च आणि कचरा एकाच आकड्यावर ठरतात, तो म्हणजे पाहुण्यांची संख्या.

गणित काय सांगते?
समजा, प्रत्येकामागे एक पत्रावळ, एक द्रोण आणि पाण्याची एक बाटली लागते. ५०० पाहुणे असतील तर १,५०० वस्तू कचऱ्यात जातात. यादी १५० वर आणली की ४५०. भाड्याची स्टीलची ताटे-वाट्या, पेले आणि पाण्याचे जार ठेवले, तर हा कचरा जवळपास उरतच नाही. केटररचे बिलही ताटांवरच ठरते.

आणखी काय करता येईल?
पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवा. छापील फक्त वडीलधाऱ्यांना. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पत्रावळी घेताना आत प्लास्टिकचा थर नाही ना, हे तपासा. सजावटीला झेंडू पुरेसा, नंतर त्याचे खत होते. वाढपी आग्रह करणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवा. उरलेले अन्न कोण नेणार, हेही आदल्या दिवशीच ठरवा.

अडते कुठे?
‘लोक काय म्हणतील’ इथे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला, तेव्हापासून साध्या लग्नाची वाट आपल्याकडे आहे. तरीही यादी वाढते आणि कर्ज काढले जाते. जेवून गेलेले पाहुणे हप्ते भरायला येत नाहीत. म्हणून हॉल ठरवण्याआधी यादी ठरवा.