यंत्राला अनुदान, हाताला काय?

लघुउद्योगांविषयी बोलताना आपल्याकडे सर्वांचाच कंठ दाटून येतो. मंत्रिमहोदय त्यांना अर्थव्यवस्थेचा कणा म्हणतात, बँका त्यांना अग्रक्रमाचे क्षेत्र म्हणतात आणि मोठे कारखानदार वार्षिक समारंभात त्यांना 'भागीदार' संबोधून शाल-श्रीफळ देतात. समारंभ आटोपला की मंत्री मुंबईस परततात, बँक तारण मागते आणि त्या भागीदाराचे बिल तीन-तीन महिने फायलीत पडून राहते. कौतुकाने लेथ फिरत नाही, हे कुणीतरी एकदा स्पष्ट सांगावयास हवे.

पुणे-सोलापूर रस्त्याने हडपसर मागे टाकले की मांजरी, लोणी काळभोर, कुंजीरवाडी, उरुळी कांचन अशी गावे ओळीने लागतात. बाहेरच्या माणसाला लोणी काळभोर ठाऊक असते ते रेल्वे स्थानकामुळे, तेल कंपन्यांच्या साठवण टाक्यांमुळे किंवा राज कपूर यांच्या राजबागेच्या जागी उभ्या राहिलेल्या विद्यापीठामुळे. परंतु पुण्याभोवतीच्या अशा प्रत्येक गावात आणखी एक जग आहे: पत्र्याच्या शेडमध्ये तीन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल, चार-पाच कामगार आणि स्वतः यंत्रावर उभा राहणारा मालक. कुणा मोठ्या कारखान्याचे, बहुधा त्याच्याही खालच्या पुरवठादाराचे जॉबवर्क येथे होते. ह्या माणसांची नावे कोणत्याही वाहनावर कोरलेली नसतात. पण त्यांनी कातलेला सुटा भाग नसेल, तर ते वाहन जागचे हलणार नाही.

शेजारच्या थेऊरचा यशवंत सहकारी साखर कारखाना २०११ च्या सुमारास बंद पडला. तेव्हा उसाच्या भावाची चर्चा झाली, थकलेल्या पगारांची झाली, जमिनीची तर आजही होते. एका नुकसानीची चर्चा मात्र फारशी झाली नाही. साखर कारखान्याला स्वतःची यंत्रशाळा असते. तेथे खेड्यातला मुलगा मेस्त्रीच्या हाताखाली फिटर, वेल्डर, टर्नर होतो. कारखाना बंद पडतो तेव्हा परिसरातील एक शाळाच बंद पडते, आणि तिच्या दारावर कुलूप लागलेले कुणाला दिसतही नाही.

आजवर शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९५५ साली अर्थतज्ज्ञ द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली ग्रामीण व लघुउद्योगांसाठी समिती बसली. त्याच वर्षी राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ स्थापन झाले. १९६७ साली ४७ वस्तूंचे उत्पादन लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्यात आले आणि पुढे ही यादी आठशेच्या वर गेली. हेतू चांगला होता, परिणाम तसा झाला नाही. मोठे झालो तर सवलत जाईल, ह्या भीतीने अनेकांनी वाढणेच नाकारले. जुने यंत्र आणि जुना माल हीच त्यांची ढाल झाली. १९९७ साली अबिद हुसेन समितीने हे राखीव क्षेत्र रद्द करावे अशी शिफारस केली आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये उरलेल्या वीस वस्तूही यादीतून गेल्या.

येथे बाजारपेठेचे भक्त पुढे सरसावतात. ते म्हणतात, "पाहा, शासनाने मदत केली की असे होते. जो टिकेल तो टिकेल. बाकीच्यांनी दुकान बंद करावे." हा युक्तिवाद ऐकावयास खमंग आहे, पण तो दोन भिन्न गोष्टींची गल्लत करतो. भिंत बांधून एखाद्याला वाऱ्यापासून वाचविणे निराळे आणि वाऱ्यात चालण्याचे बळ त्याच्या पायांत आणणे निराळे. पहिला प्रयोग आपण अर्धशतक केला आणि तो फसला. दुसरा आपण मनापासून केलाच कधी?

यंत्रसामग्रीच्या आधुनिकीकरणासाठी २००० साली कर्जाशी निगडित भांडवली अनुदानाची योजना निघाली. २००५ पासून एक कोटी रुपयांपर्यंतच्या यंत्रखरेदीवर पंधरा टक्के अनुदान तिच्यात मिळत असे. योजना वाईट नव्हती. परंतु अनुदान मिळण्यासाठी बँकेचे मुदत कर्ज हवे आणि यंत्र नवे हवे. पत्र्याच्या शेडमधला मालक काय करतो? तो कुणा मोठ्या कारखान्याने काढून टाकलेले यंत्र बचतीतून किंवा नातेवाइकांकडून उसने घेऊन विकत आणतो. त्याच्या दृष्टीने तेच आधुनिकीकरण असते. ह्या माणसाला योजनेत जागाच नव्हती. ज्याच्यापाशी तारण होते, हिशेब लिहिणारा होता आणि बँकेच्या व्यवस्थापकाशी ओळख होती, त्याला ती मिळाली. मार्च २०२० मध्ये तिची मुदत संपली आणि सर्वसाधारण उद्योजकासाठी ती पुढे चालली नाही.

व्याख्येचा घोळ तर आणखी मोठा आहे. एप्रिल २०२५ पासून ज्याची यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत, तो 'सूक्ष्म' उद्योग. पंचवीस कोटी गुंतवणूक आणि शंभर कोटी उलाढालीपर्यंतचा 'लघु'. म्हणजे नऊ कोटींची उलाढाल करणारा कारखानदार आणि पाच माणसांचा लेथवाला एकाच रांगेत उभे. खिडकी उघडली की कोण आधी पोहोचणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

पण समजा, यंत्र आले. संगणकाच्या आज्ञेवर चालणारी सीएनसी लेथ शेडमध्ये बसली, नारळ फुटला, पेढे वाटले. ती चालविणार कोण? विक्रेत्याचा माणूस दोन-तीन दिवस येतो आणि एका तरुणाला जुजबी शिकवून जातो. सहा महिन्यांत तो तरुण तयार होतो आणि सातव्या महिन्यात चाकणच्या मोठ्या कारखान्यात अधिक पगारावर रुजू होतो. त्याचा दोष नाही. त्यालाही संसार आहे. पण शिकविण्याचा खर्च छोट्याने सोसायचा आणि शिकलेला हात मोठ्याने न्यायचा, असा हा उफराटा व्यवहार आहे. मग मालक शिकविणेच सोडून देतो. यंत्रावर प्लास्टिकचे आच्छादन पडते, हप्ता मात्र चालूच राहतो.

आपल्या धोरणाची खरी चूक येथे आहे. यंत्र मोजता येते, त्याचे उद्घाटन करता येते, त्याच्यासमोर छायाचित्र काढता येते. माणसाच्या हातात आलेले कौशल्य दिसत नाही. म्हणून त्याला अंदाजपत्रकात दुय्यम स्थान. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. तीस वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसे असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. २०१६ च्या योजनेने उमेदवाराच्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना दीड हजार रुपयांपर्यंत, शासनाने उचलण्याचे ठरविले. चांगलेच झाले. पण हे सारे नवागतासाठी. पंचेचाळीस वर्षांचा टर्नर, ज्याने हयातभर हाताने चाक फिरविले, त्याला रेखाचित्र संगणकावर वाचावयास कोण शिकविणार? आठवडाभर तो प्रशिक्षणाला गेला, तर त्याचा रोज कोण देणार आणि बंद राहिलेल्या यंत्राचे नुकसान कोण भरणार?

हा प्रश्न उद्यावर टाकण्यासारखा राहिलेला नाही. पुण्याच्या शेकडो छोट्या कार्यशाळा इंजिनाच्या सुट्या भागांवर जगत आल्या आहेत. विजेवर चालणाऱ्या वाहनात पिस्टन नसतो, झडपा नसतात, क्रँकशाफ्ट नसतो. ज्याच्या हाताला दुसरे काम येत नाही, त्याची ऑर्डर एक दिवस मुकाट्याने थांबेल. त्याला नोटीसही येणार नाही. फक्त दूरध्वनी वाजायचा बंद होईल.

जग ह्यावर काय करते? मुक्त बाजारपेठेचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या अमेरिकेने १९८८ च्या कायद्याने छोट्या उत्पादकांसाठी विस्तार केंद्रांचे जाळे उभारले. आपल्याकडे कृषी विस्तार अधिकारी शेताच्या बांधावर जातो, तसा तेथे जाणकार तंत्रज्ञ कारखान्यात जातो. जपानमध्ये प्रांतिक शासनांच्या तंत्र-चाचणी केंद्रांत छोटा कारखानदार आपला माल तपासून घेतो. जर्मनीत जे काम छोट्या कार्यशाळेत शिकविता येत नाही, ते शिकविण्यासाठी सामायिक प्रशिक्षणशाळा असतात आणि त्यांच्या खर्चाचा भार शासनही उचलते. ह्यांपैकी कुणीही आपल्या छोट्या उद्योगाला भिंतीआड कोंडले नाही आणि वाऱ्यावरही सोडले नाही.

आपल्याकडेही बीजे आहेत. छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम आहे, चिंचवडचे ऑटो क्लस्टर आहे. तेथील मोजमापाची साधने पाच माणसांच्या कार्यशाळेला स्वप्नातही परवडणार नाहीत. पण लोणी काळभोरच्या मालकाने चिंचवडला जायचे म्हणजे सबंध पुणे शहर ओलांडायचे. एका सुट्या भागाच्या तपासणीसाठी जो दिवस मोडतो, तो त्याच्या कमाईचा दिवस असतो.

आणि देणी? २००६ च्या कायद्याने पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे चुकते करण्याचे बंधन खरेदीदारावर घातले. न केल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. कागदावर ह्याहून कडक कायदा कोणता? पण तक्रार कुणी करायची? ज्याच्या एकाच गिऱ्हाइकावर घर चालते, त्याने त्याच गिऱ्हाइकाविरुद्ध दाद मागायची? २०२३ च्या वित्त अधिनियमाने वेळेवर न दिलेल्या रकमेची आयकरातील वजावट रोखली, हे योग्य पाऊल होते, कारण तेथे दुबळ्याला तक्रार करावी लागत नाही. ज्याचे स्वतःचे पैसे अडकले आहेत, तो नवे यंत्र घेणार कशाने आणि कामगाराला शिकविणार कशाने?

म्हणून मागणी नव्या घोषणेची नाही. चार साध्या गोष्टी हव्यात. पहिली, औद्योगिक वसाहतींबाहेरच्या गावांसाठी तालुक्यागणिक एक सामायिक यंत्रशाळा: दोन आधुनिक यंत्रे, एक मापनकक्ष आणि शिकविणारा अनुभवी मेस्त्री. दुसरी, प्रशिक्षणाच्या दिवसांचा रोज शासनाने द्यावा. हे अशक्य म्हणणाऱ्यांनी २०२३ ची विश्वकर्मा योजना पाहावी. लोहार-सुतारांना तेथे प्रशिक्षणकाळात दिवसाला पाचशे रुपये देण्याचे तत्त्व मान्य झालेच आहे. लोहाराला जे लागू, ते टर्नरला का नाही? तिसरी, जो मोठा कारखाना छोट्याने घडविलेला कामगार नेतो, त्याने त्या घडणीच्या खर्चात वाटा उचलावा. चौथी, जुने पण सुस्थितीतील यंत्र जाणकाराकडून तपासून घेऊन त्यालाही साहाय्य मिळावे.

शेवटी आपल्या घरांविषयी. पुण्यातील सेंट जोसेफ टेक्निकल इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांनी ज्यांच्या हाती हत्यार दिले, अशी माणसे आपल्या धर्मग्रामांत आहेत. १९३१ साली अकरावे पोप पायस यांनी आपल्या परिपत्रकात सांगितले की, जे लहान घटकाला स्वतः करता येते ते मोठ्याने हिरावून घेऊ नये. मोठ्याने लहानाला हात द्यावा. सामायिक यंत्रशाळेची मागणी ह्याहून वेगळी नाही. तरीही मुलगा आयटीआयला जातो म्हटल्यावर आपल्याच घरांत आवाज खाली येतो, आणि बिनकामाच्या पदवीची मात्र पत्रिका छापली जाते. शासनाला जाब विचारताना हेही ध्यानात असावे. ज्या हाताचा मान आपण घरात राखत नाही, त्याची किंमत अंदाजपत्रकात कुणी धरील, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

पुढच्या निवडणुकीत मते मागावयास कुणी दारात आले, की रस्ते आणि पाणी विचारून झाल्यावर एवढेही विचारा: आमच्या तालुक्याची यंत्रशाळा कोठे आहे?